न्यायासनावरून उतरलेला माणूस

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे आपल्याकडे म्हणतात. आमच्या वऱ्हाडात ही म्हण सर्वांना पाठ आहे आणि तिच्याप्रमाणे वागणारा मात्र शोधावा लागतो. धुऱ्यावरची एक वीत जमीन, विहिरीच्या पाण्याची पाळी, भावाभावांची वाटणी, एवढ्या कारणावरून पिढ्यान् पिढ्या कज्जे चालविणारी घराणी आमच्या चांदूर बाजारच्या पंचक्रोशीत होऊन गेली. त्यामुळे न्यायाधीश हा आमच्या कल्पनेतला फार मोठा माणूस. खुर्ची उंच, बोलणे कमी, आणि त्याने एकदा तोंड उघडले की कोणाचे तरी घर उभे राहणार आणि कोणाचे तरी बसणार!

मराठी चरित्रवाङ्मयालाही ही खुर्ची फार आवडते. आमच्या चरित्रकारांनी एक जिनाच बांधून ठेवला आहे. गरिबीतले शिक्षण ही पहिली पायरी, वकिलीची सनद ही दुसरी, न्यायासन ही तिसरी आणि कायदेमंडळातली जागा ही शेवटची. नायक पायरी पायरीने वर चढतो आणि वाचक खालून कौतुकाने पाहत राहतो. न्यायमूर्ती तेलंग, न्यायमूर्ती चंदावरकर ह्यांच्या गोष्टी ह्या जिन्यावर सहज बसतात. अलीकडच्या काळातले न्यायमूर्ती छागला पाहा. 1947 ते 1958 मुंबई हायकोर्टाचे मुख्य न्यायाधीश, मग अमेरिकेत राजदूत, इंग्लंडात हायकमिशनर आणि पुढे केंद्रात शिक्षणमंत्री व परराष्ट्रमंत्री. प्रत्येक पायरी आधीच्या पायरीहून वर.

अमरावतीच्या दादासाहेब खापर्ड्यांची गोष्ट मात्र ह्या जिन्यावर बसत नाही. त्यांनी आरंभच न्यायासनावर केला आणि पाच वर्षांत ते आपण होऊन खाली उतरले. ह्या उतरण्याचे पुढे काय झाले, आणि आपल्या वाङ्मयाने त्याची काय नोंद घेतली, ह्याचा थोडा विचार ह्या लेखात करावयाचा आहे. मी इतिहाससंशोधक नव्हे. मॅट्रिकपर्यंत शिकून शाळेत मुलांना शिकविणारा आणि उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहिणारा मनुष्य आहे. तेव्हा माझे मोजमाप कादंबरीकाराचे राहील. माणूस किती उंच गेला ह्यापेक्षा, तो कोठे वळला आणि का वळला, हे मला पाहावेसे वाटते.

साधने तशी हाताशी आहेत. दादासाहेब आयुष्यभर इंग्रजीत रोजनिशी लिहीत. तिच्यातला शिर्डीच्या मुक्कामाचा भाग पुस्तकरूपाने प्रसिद्ध झालेला आहे. चिरंजीव बाळकृष्णपंतांनी लिहिलेले त्यांचे मराठी चरित्र 1962 साली निघाले. आणि हेमाडपंतांच्या श्रीसाईसच्चरितात खापर्डे कुटुंबाच्या हकीकती आलेल्या आहेत. म्हणजे एकाच माणसाचे तीन जबाब झाले: एक त्याचा स्वतःचा, एक मुलाचा आणि एक भक्ताचा. मुलाच्या जबाबात जवळीक असते आणि जवळिकीमुळे येणारी अडचणही असते. भक्ताचा जबाब श्रद्धेच्या ओघात असतो. सगळ्यांत कोरडा जबाब स्वतः दादासाहेबांचा आहे, आणि वाङ्मय म्हणून मला तोच सगळ्यांत मोलाचा वाटतो.

गणेश श्रीकृष्ण खापर्डे ह्यांचा जन्म 27 ऑगस्ट 1854 चा. वडील गरिबीतून मामलेदारीपर्यंत चढलेले. मुलगा मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातून 1877 साली बी. ए. झाला, 1884 साली एल्एल्. बी. झाला आणि लगेच वऱ्हाडात मुन्सफ व एक्स्ट्रा असिस्टंट कमिशनर म्हणून सरकारी नोकरीत शिरला. त्या काळच्या वऱ्हाडची घडी वेगळी होती. मुलूख कागदोपत्री निजामाचा, आणि 1853 च्या तहाने कारभार इंग्रजांकडे. असिस्टंट कमिशनर म्हणजे एकाच माणसाच्या डोक्यावर दोन पागोटी. सकाळी वसुलीचे कागद पाहावयाचे आणि दुपारी त्याच टेबलाशी बसून न्याय द्यावयाचा. सरकार म्हणून जे मागायचे, त्यावरच्या तक्रारीचा निवाडाही सरकारच्याच नोकराने करायचा. असल्या खुर्चीत बसणाऱ्या बुद्धिमान तरुणाच्या मनात काय चालत असेल, हे सांगायला कादंबरीकाराचीही गरज नाही. 1890 साली दादासाहेबांनी नोकरी सोडली आणि अमरावतीस वकिली मांडली. वय छत्तीस. आमच्या भाषेत सांगायचे तर, पिकल्या शेतातून उठून माणूस पडीत जमीन कसायला निघाला.

पडीत जमीन कसली, तिने सोने दिले! वकिली अशी चालली की लोक त्यांना वऱ्हाडचे नवाब म्हणू लागले. घरात पाहुण्यांचा राबता, गाण्याबजावण्याची हौस, नाटकांचा नाद, हजरजबाबी बोलणे. 1905 साली मुंबईस पहिले मराठी नाट्यसंमेलन भरले तेव्हा त्याचे अध्यक्षपद ह्या वऱ्हाडी वकिलाकडे आले होते, हे आज किती नाट्यप्रेमींना ठाऊक आहे? जो मनुष्य मुन्सफ म्हणून दुसऱ्यांची भांडणे गंभीर चेहऱ्याने ऐकत बसला असता, तो मोकळा होऊन हसला, खर्चला आणि चार लोकांत वावरला. चरित्रकार हा भाग जरा चोरून सांगतात. देशभक्ताला अत्तराचा वास येऊ नये, असा आपल्याकडे संकेत आहे. मला तो मान्य नाही. सुखात लोळण्याची पुरेपूर सोय असताना जो टिळकांसारख्या, सरकारच्या डोळ्यांत सलणाऱ्या माणसाची पाठराखण करतो, त्याचे मोल फकिराच्या त्यागापेक्षा कमी कसे?

1897 च्या डिसेंबरात काँग्रेसचे तेरावे अधिवेशन अमरावतीस भरले. टिळक तेव्हा राजद्रोहाच्या शिक्षेवर तुरुंगात होते. स्वागताध्यक्ष खापर्डे आणि अध्यक्ष मद्रासचे शंकरन् नायर. मंडपातल्या ह्या दोन वकिलांकडे पाहून मला नेहमी मौज वाटते. एक न्यायासनावरून उतरून आलेला, तर दुसऱ्याला अजून त्यावर चढावयाचे होते. नायर पुढे मद्रास हायकोर्टाचे न्यायाधीश झाले, 1915 साली व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात शिक्षणखात्याचे सभासद झाले, आणि पंजाबातल्या अत्याचारांनंतर 1919 साली त्यांनी ती जागा सोडली. चढलेल्याला शेवटी उतरावे लागले, एवढेच! 1922 साली त्यांनी गांधीजींच्या चळवळीवर टीका करणारे पुस्तक लिहिले. त्यात पंजाबचा जुना गव्हर्नर ओड्वायर ह्याच्यावर ठपका होता, म्हणून ओड्वायरने लंडनच्या कोर्टात त्यांच्यावर अब्रुनुकसानीची फिर्याद केली. 1924 साली नायर ती हरले आणि पाचशे पौंडांचा भुर्दंड त्यांच्यावर बसला. 2025 साली ह्या नायरांवर एक हिंदी चित्रपट आला. त्यात तेच सरकारला कोर्टात खेचतात असे दाखविले आहे. खऱ्या खटल्यातला प्रतिवादी पडद्यावर वादी होऊन बसला. लोकांना पुढाऱ्याला आठवायचे असेल तर आधी त्याला जिंकवावे लागते, असा ह्याचा अर्थ. आमच्या दादासाहेबांना असा कोणी पडद्यावरचा वकीलही मिळालेला नाही.

आता त्यांच्या आयुष्याकडे एका सूत्राने पाहू. 22 जुलै 1908 रोजी मुंबईस न्यायमूर्ती दावर ह्यांनी टिळकांना सहा वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा सुनावली. हेच दावर 1897 साली टिळकांच्या जामिनासाठी वकील म्हणून उभे राहिले होते. खुर्ची बदलली की माणसाचा आवाज कसा बदलतो, ह्याचा याहून मोठा धडा कोणता असणार? शिक्षेनंतर दादासाहेबांनी आपली भरभराटीची वकिली बाजूला ठेवली आणि प्रिव्ही कौन्सिलात टिळकांची दाद लावण्यासाठी ते विलायतेस गेले. सुमारे दोन वर्षे तेथे राहिले. अपील फळले नाही. पण लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की, मुंबईच्या कोर्टाने निराश केले तरी ह्या माणसाचा कोर्टावरचा विश्वास गेला नाही. त्याहून वरचे कोर्ट आहे, तेथे जाऊ, ही त्यांची भूमिका. स्वतः न्यायासन सोडून आलेला हा मनुष्य, वर कोठे तरी ऐकून घेणारा कोणी तरी बसलेला आहे, ही श्रद्धा मात्र सोडू शकला नाही. माझ्या मते त्यांच्या सगळ्या पुढील आयुष्याची किल्ली येथे आहे.

1910 साली परत आल्यावर त्याच डिसेंबरात ते प्रथम शिर्डीस गेले. एक आठवडा राहिले. पुढच्या वर्षी 6 डिसेंबरास पुन्हा गेले, आणि परतले ते थेट 15 मार्च 1912 ला. शंभराहून अधिक दिवस! ह्या दिवसांची जी रोजनिशी आहे, ती मराठी वाचकाने एकदा तरी वाचावी. ती वाचताना चमत्कारांची अपेक्षा करणारा निराश होईल. लौकर उठलो, प्रार्थना केली, काकडआरतीस गेलो, दुपारी पंचदशीचे वाचन झाले, रात्री भीष्मांचे भजन आणि दीक्षितांचे भावार्थ रामायण, असे दिवसामागून दिवस. बाबा काय बोलले ते लिहिलेले आहे. अर्थ कळला नसेल तर तो ओढून ताणून लावलेला नाही. घरी जाण्याची परवानगी मागितली, मिळाली नाही. पुन्हा मागितली, पुन्हा मिळाली नाही. अमरावतीस अशिले वाट पाहत आहेत, गुप्त पोलिसांची नजर आहे, आणि हा नामांकित वकील एका पडक्या मशिदीत रजेच्या अर्जासारखी परवानगी मागत बसला आहे!

ह्या लेखनाचा गुण कोणता? साक्षीदाराचा जबाब उतरून घेणाऱ्या मुन्सफाची ती लेखणी आहे. पाहिले, ऐकले, लिहिले. निकाल दिलेला नाही. 17 जानेवारी 1912 च्या नोंदीत बाबांनी एकदा हसून पाहिले आणि ते हास्य पाहण्यासाठी वर्षानुवर्षे येथे राहिले तरी चालेल, अशा अर्थाचे ते लिहितात. त्यानंतर दोनच दिवसांनी, 19 जानेवारीस, बाबांची नित्य पूजा करणारा मेघा वारल्याची नोंद येते, आणि बाबा मोठ्याने रडले हेही तितक्याच साधेपणाने येते. दोन दिवसांत एवढे हसू आणि एवढे रडू. आमच्यासारख्या कादंबरीकाराने ह्या दोन प्रसंगांवर दोन प्रकरणे खर्ची घातली असती आणि वाचकाच्या हातून पाकळी पाकळी करून फुलाचा चुरा करविला असता. दादासाहेबांनी चार ओळी लिहिल्या आणि दिवा मालवला. कोरडेपणातून ओलावा कसा झिरपतो, हे शिकावयाचे असेल तर ही पाने वाचावीत.

साईसच्चरिताच्या सत्ताविसाव्या अध्यायात एक मार्मिक गोष्ट आहे. इतर भक्त बाबांशी बोलत, वादही घालीत. परंतु तिघेजण त्यांच्यापुढे कधी तोंड उघडीत नसत. एक नागपूरचे बुट्टी, दुसरे नूलकर आणि तिसरे खापर्डे. ह्यांतले नूलकर पंढरपूरचे सबजज्ज. आणि हे लिहिणारे हेमाडपंत, म्हणजे गोविंदराव दाभोळकर, स्वतः वांद्र्याचे मॅजिस्ट्रेट. कोर्टातली ही मंडळी मशिदीत येऊन गप्प का बसत असावीत? भक्त सांगतील, बाबांच्या तेजामुळे. ते खरेही असेल. आमच्या तालुक्यातल्या माधानला गुलाबराव महाराजांची परंपरा आहे, तेव्हा अशा उत्तराला नाही म्हणण्याचे आमच्या जिभेला वळण नाही. पण मला आणखी एक कारण दिसते. आयुष्यभर पुरावे, उलटतपासण्या आणि युक्तिवाद ऐकून कंटाळलेल्या ह्या माणसांना अशी एक जागा सापडली होती की, जेथे बाजू मांडावीच लागत नव्हती. मांडण्यापूर्वीच ती ऐकली गेली होती. प्रिव्ही कौन्सिलाने न दिलेली सुनावणी खापर्ड्यांना शिर्डीत मिळाली, एक अक्षरही न बोलता.

तेथून उठल्यावर ते काही विरक्त झाले नाहीत. होमरूलच्या चळवळीत टिळकांबरोबर उभे राहिले. 1918 साली विलायतेस निघालेल्या शिष्टमंडळात होते, पण सरकारने परवाने रद्द करून मंडळींना कोलंबोहून परत फिरविले. त्याच वर्षी वरिष्ठ कायदेमंडळात त्यांनी जे केले ते त्यांच्या राजकीय आयुष्यातले सगळ्यांत उंच शिखर होय. न्यायमूर्ती रौलट ह्यांच्या कमिटीचा अहवाल नुकताच बाहेर आला होता. कमिटीत मुंबईचे मुख्य न्यायाधीश बेझिल स्कॉट होते, मद्रास हायकोर्टाचे कुमारस्वामी शास्त्री होते. बैठका बंद दाराआड, साक्षीदारांची उलटतपासणी नाही, आणि शिफारस अशी की, लोकांना विनाचौकशी डांबण्याचा अधिकार सरकारला असावा. पुढे लोकांनी ह्या कायद्याला ‘ना वकील, ना दलील, ना अपील’ असे तीन शब्दजोड्यांत नागवे केले. परंतु कायदा येण्याच्या आधीच, 1918 च्या सप्टेंबरात, खापर्ड्यांनी कायदेमंडळात ठराव आणला की हा अहवाल तूर्त बाजूला ठेवावा आणि गुप्त पोलीस खात्याच्याच कारभाराची चौकशी सरकारी व बिनसरकारी हिंदी सभासदांच्या समसमान कमिटीकडून व्हावी.

वाचकहो, ह्यातली धार पाहा. ज्यांच्यावर वर्षानुवर्षे गुप्त पोलिसांची नजर होती तो मनुष्य उठून म्हणतो की, आता पाहणाऱ्यांनाच पाहा! आणि हे तो सभेत टाळ्या घेण्यासाठी म्हणत नाही. तीन हायकोर्टांच्या वजनाच्या अहवालाला एक जुना मुन्सफ पुराव्याच्या कायद्याचा पहिला धडा शिकवितो: ज्या साक्षीला दुसऱ्या बाजूने प्रश्न विचारला गेला नाही, ती साक्ष नव्हे. त्या वेळी समोरच्या सरकारी बाकांवर शंकरन् नायर कार्यकारी मंडळाचे सभासद म्हणून होते. एकवीस वर्षांपूर्वी अमरावतीच्या मंडपात एका व्यासपीठावर बसलेले ते दोघे आता समोरासमोर आले होते. ठराव अर्थातच फेटाळला गेला. सरकारी मतांची संख्या ठरलेली होती. 1919 च्या मार्चात कायदा झाला, आणि एप्रिलात जालियनवाला बाग घडली.

येथपर्यंत दादासाहेबांच्या मागे चालताना माझे पाय अडखळत नाहीत. पुढे मात्र अडखळतात. 1 ऑगस्ट 1920 रोजी टिळक गेले. गांधीजींचा असहकार त्यांना पटला नाही. काँग्रेसने निवडणुकांवर बहिष्कार टाकला असता ते नव्या राज्यपरिषदेत जाऊन बसले आणि 1925 पर्यंत तेथे राहिले. त्या सभासदत्वातही वऱ्हाडची एक गंमत होती. मुलूख अजून कागदावर निजामाचाच असल्यामुळे वऱ्हाडचा प्रतिनिधी आधी लोकांकडून निवडून येई आणि मग सरकार त्याची नेमणूक करी. म्हणजे लोकांचा माणूस, पण शिक्का सरकारचा. 1885 साली मुन्सफाच्या डोक्यावर जी दोन पागोटी होती, तीच पस्तीस वर्षांनी पुन्हा त्यांच्या डोक्यावर आली.

हा निर्णय चुकला असे माझे मत आहे, आणि ते मी भीडभाड न ठेवता मांडतो. ज्या सभागृहात 1918 साली आपला बिनतोड युक्तिवाद मोजलेल्या सरकारी मतांनी चिरडला गेला, त्याच जातीच्या सभागृहात ऐकून घेणारा कोणी आहे, असे पुन्हा मानणे हे त्यांच्यासारख्या चाणाक्ष माणसाला शोभले नाही. सुनावणीची जागा तोवर हलली होती. दाद आता वरच्या कोर्टात मागावयाची नव्हती. ती गावोगावच्या बाजारात आणि चव्हाट्यावर मागितली जात होती. न्यायासनावरून उतरलेला हा माणूस आणखी एक पायरी उतरला असता, तर लोकांच्या बाकावर येऊन बसला असता. ती पायरी त्यांनी उतरली नाही.

पण चूक दाखविणे वेगळे आणि माणूस खोडून टाकणे वेगळे. आपण दुसरे केले आहे. टिळकांचे स्नेही म्हणून त्यांचे नाव तळटीपेत येते आणि बाबांचे भक्त म्हणून पोथीत येते. स्वतःच्या नावाने ते कोठे येतच नाहीत. वर्गात एकदा मी त्यांच्याविषयी सांगत होतो. एका मुलीने विचारले, ‘सर, ते तुरुंगात किती वर्षं होते?’ प्रश्न तिचा नव्हता. आपण सर्वांनी मिळून तिला तो शिकविला आहे. देशभक्ती मोजण्याचे एकच माप आपण दुकानात ठेवले आहे, आणि त्या मापात जे बसत नाही ते आपण मालच समजत नाही. जुन्या काळच्या वऱ्हाडी सावकाराने तरी दोन मापे ठेवली होती!

आमच्या चरित्रवाङ्मयाचा दोषही हाच. तेथे एक तर आरती असते, नाही तर आरोपपत्र. ह्या दोहोंच्या मधली जी जागा, जेथे माणूस बरोबर होता आणि तोच माणूस चुकलाही, ती जागा रिकामी राहते. रमाबाई रानड्यांनी 1910 साली आपल्या आठवणी लिहिल्या आणि न्यायमूर्ती रानडे घरात जेवताना, रागावताना, गप्प बसताना आपल्याला दिसले. त्यामुळे रानड्यांच्या सावधपणाबद्दल कितीही वाद झाले तरी तो माणूस मेला नाही. दादासाहेबांची पत्नी लक्ष्मीबाई ह्यांनी असे काही लिहून ठेवले असते तर काय झाले असते! आजारी मुलाला उराशी धरून शिर्डीत राहिलेली, नवऱ्याच्या विलायतेतल्या दिवसांत वऱ्हाडातला एवढा मोठा बारदाना सांभाळलेली ती बाई. साईसच्चरितात तिचे जे दर्शन घडते ते थोडे आहे, पण नवऱ्याच्या रोजनिशीत न मावलेले पुष्कळ काही तिच्याजवळ असले पाहिजे.

1 जुलै 1938 रोजी दादासाहेब वारले. वय त्र्याऐंशी. कायद्यात एकतर्फी हुकूमनामा असतो. प्रतिवादी हजर नसला की कोर्ट त्याच्याविरुद्ध निकाल देऊन मोकळे होते. पण तोच कायदा पुढे असेही म्हणतो की, गैरहजेरीला सबळ कारण दाखविल्यास हुकूमनामा रद्द करून खटला पुन्हा चालवावा. खापर्ड्यांच्या बाबतीत कारण सबळ आहे: त्यांची साक्ष आपण अजून नीट वाचलेलीच नाही. कोणा तरुण लेखकाने त्या रोजनिश्या समोर घेऊन बसावे. शिर्डीचे शंभर दिवस आणि कायदेमंडळातला तो ठराव एकाच माणसाचे म्हणून एका पुस्तकात मांडावे. आरती नको, आरोपपत्रही नको. मुन्सफाने उतरून घ्यावा तसा साधा जबाब पुरे. निकाल वाचक देतील. आमच्या वऱ्हाडी वाचकाला कज्जे ऐकण्याची सवय आहे.